तिसऱ्या नकाशातलं वळण

"बाई, खाली चहा आहे!" मी ओरडलो, पण तोवर नकाशा टेबलभर पसरला होता आणि माझा कप त्याच्याखाली एखाद्या टेकडीसारखा उभा राहिला होता.

"सांडला नाही," त्या म्हणाल्या. कागदाखाली हात घालून त्यांनी कप अलगद बाहेर काढला आणि खिडकीत नेऊन ठेवला. "आता बघा. हा नाणेघाट. महाबळेश्वर तिकडे, तुमच्या पानाच्या डब्याच्या पलीकडे. मधला सगळा सह्याद्री, माथ्यामाथ्यानं. चालत."

"कोण चालणार?"

"तुमचे वाचक."

मला हसू आलं. आमचे वाचक मला पुरते ठाऊक होते. 'चढउतार' हे आमचं मासिक डोंगरभटक्यांचं म्हणून ओळखलं जाई. पण वर्गणीदारांतले निम्मे तरी पंख्याखाली पडून दुसऱ्यांनी चढलेले गड वाचणारे होते. त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी त्या मासिकाचा संपादक होतो, आणि पर्वतीच्या पायऱ्या मध्ये दोनदा टेकल्याशिवाय मला चढवत नसत. मासिकाच्या नावातला चढ केव्हाच संपला होता. उतार तेवढा जोरात चालू होता.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होतील. तेव्हा मोबाइलवर वाट दाखवणारी बाई नव्हती. वाट विचारायची ती गुराख्याला, नाहीतर कागदाला. आणि असा कागद मी त्याआधी पाहिला नव्हता. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं काढलेले सात नकाशे. महिन्याला एक छापायचा, सोबत लेख. कडे, ओढे, धनगरवाडे, पाण्याची टाकी, सगळं जिथल्या तिथं. अक्षर असं, की छापखान्यातल्या खिळ्यांनी लाजावं.

"पाटबंधारे खात्यात आरेखक आहे मी," त्या म्हणाल्या. "यशोधरा निमकर. धरणांचे नकाशे काढते. हे सुट्टीतले."

माणूस समोर बसला की माझ्या मनात एक वही आपोआप उघडते. जमेला काय, खर्ची काय. निमकरबाईंच्या जमेला हा हात होता, सरळ बोलणं होतं, आणि पातळाखाली घातलेले कॅनव्हासचे बूट होते. खर्चाची बाजू जरा घोळाची होती. मंगळसूत्र होतं, पण ते पदराखाली सारलेलं. टिकली होती, पण मोहरीएवढी, असून नसल्यासारखी. मी बेरीज मारली : नवरा आहे, पण पटत नसावं. माझी बेरीज सहसा चुकत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

"मिस्टर सोडतात एकटीला डोंगरात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यांची काही तक्रार नाही," बाई म्हणाल्या आणि नकाशाचा कोपरा बोटानं सपाट करत राहिल्या. "माझी अट एकच आहे. नोव्हेंबरच्या अंकापासून सुरू करा, म्हणजे तिसरा नकाशा जानेवारीत येईल. तेव्हा गवत वाळलेलं असतं, पानं झडलेली असतात. सगळं दिसतं."

"आणि मानधन?"

"तिसरा जानेवारीत आला पाहिजे," त्या पुन्हा म्हणाल्या.

---

आमचे मालक तात्या चौबळ. त्यांचा छापखाना होता आणि लग्नपत्रिकांवर मिळवलेलं ते मासिकावर उडवत. तरुणपणी त्यांनी सह्याद्री पालथा घातला होता. आता दोन्ही गुडघे गेले होते, त्यामुळे चालण्याची सगळी हौस ते दुसऱ्यांच्या चुका काढून भागवत. त्यांनी भिंग घेऊन नकाशे पाहिले.

"हात सोन्याचा आहे बाईचा. गद्रे, हे सोडू नका. पडीक विहिरीला पाणी लागलं समजा." मग तिसऱ्या नकाशावर भिंग थांबलं. "अरेच्चा! हे काय झेंगट?"

"कुठे?"

"हे बघा. मोरखिंडीपासून धारेवरून सरळ वाट आहे. आंधळा बैल सोडला तरी पोचेल. आणि ही बाई माणसाला खाली कावळदऱ्यात उतरवते, कारवीतून, ओढ्याओढ्यानं फिरवते आणि संध्याकाळी पुन्हा त्याच धारेवर आणून सोडते. काय आहे हो कावळदऱ्यात? ना गड, ना लेणं, ना धड देऊळ. अख्खा दिवस पाण्यात. वाचक शिव्या घालतील. कापा ते वळण."

तात्यांचं खरं होतं. मी शिसपेन्सिल घेतली, कावळदऱ्याच्या वळणावर फुली मारली आणि धारेवरून सरळ रेघ ओढली.

पुढच्या आठवड्यात निमकरबाई मजकुराची मुद्रितं तपासायला आल्या. तिसऱ्या नकाशापाशी त्यांचा हात थांबला.

"हे कोणी केलं?"

"मी. बाई, दरीत उतरण्यात काही हशील नाही. मालकांचंही तेच म्हणणं पडलं."

"तिथे वाट आहे. मी चालले आहे. पाणी आहे, ते दाखवलंय. जिथे घसरतं तिथे दुहेरी रेघ दिलीय."

"वाट असेल हो. पण कशासाठी जायचं?"

त्या म्हणाल्या, "मानधन नको मला."

"मानधनाचा प्रश्न नाही."

"माझं नाव घालू नका."

"बाई..."

"बाकीच्या सहा नकाशांचं काय वाटेल ते करा. लहान करा, कापा, कोपऱ्यात टाका. हा एवढा आहे तसा जाऊ द्या."

बाजारात माणूस आपणहून भाव उतरवू लागला की दोनच शक्यता असतात : माल चोरीचा आहे, नाहीतर घरात कोणी आजारी आहे. मी मान हलवली. "अशक्य आहे. तात्या ऐकणार नाहीत."

"मग सगळे परत द्या."

त्यांनी नकाशे गुंडाळायला घेतले. ट्रेसिंग पेपर आयुष्यभर गुंडाळणारा हात तो. पण कागद एका टोकाला धरला की दुसऱ्या टोकानं उलगडत होता. तिसऱ्यांदा तो खाली पडला तेव्हा त्या तशाच खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बायकांसाठी माझ्याकडे दोन-तीन ठरलेली वाक्यं होती.

"कावळदऱ्यात काय आहे, बाई?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर."

---

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात त्यांनी सांगितलं. मध्ये चहा दोनदा निवला.

"आमचे हे त्या धारेवर गेले होते. सहा वर्षं झाली. एकटेच जायचे, सवय होती. रविवारी जेवायला आहे म्हणाले. मोरखिंडीखालच्या चहावाल्यानं त्यांना शनिवारी वर जाताना पाहिलं. खाली येताना कोणी नाही."

"पोलिस?"

"शोधलं ना. कोकणाच्या अंगाचे कडे शोधले. पडणारे सगळे तिकडे पडतात. कावळदरा देशाच्या अंगाला. तिथे कोणी पडत नाही, म्हणून तिथे कोणी बघितलं नाही." त्यांनी बशीत बोटानं ओली रेघ ओढली. "यांची एक खोड होती. गेल्या वाटेनं परत यायचं नाही. आमच्या घरी दूध आणायलासुद्धा जायचे एका गल्लीनं, यायचे दुसऱ्या. मी सगळे नकाशे काढून बसले. धारेवरून उतरायला दुसरी वाट एकच उरते."

"मग तुम्ही..."

"पाचदा गेले. गावातला माणूस घेऊन. कारवी डोक्याच्या वर. हातभर अंतरावरचं दिसत नाही. दोन डोळ्यांनी खोरं बघून होत नाही हो, गद्रे. शेकड्यांनी माणसं चालायला हवीत. मी कुठून आणू? मला फक्त नकाशा काढता येतो."

माझ्या बेरजेचा असा निकाल पूर्वी कधी लागला नव्हता.

"घरी काय म्हणतात?" काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"सासूबाई म्हणतात, इंदूरला दुसरं बिऱ्हाड केलंय. त्यांना तेच बरं वाटतं. म्हणजे मुलगा कुठेतरी जेवतोय. रोज मला ऐकवतात, तूच धड नव्हतीस म्हणून गेला. शेजारचे म्हणतात, साधू झाला. आणि संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याची आमच्या चाळीत दरवर्षी सभा भरते. गेल्या वर्षी ठराव झाला, बोलवावं, पण वाण आधी दुसऱ्या कोणाला द्यावं." त्या हसल्या. हसताना त्यांचं बोट कपाळाकडे गेलं. "ही अशी टिकली तुम्ही मघापासून बघताय. मोठी लावली तर खोटं वाटतं. नाही लावली तर त्याहून खोटं. म्हणून ही."

"आणि तुम्हाला काय वाटतं? गेले की पडले?"

"सकाळी एक वाटतं, रात्री दुसरं. मला वाटायचा कंटाळा आलाय, गद्रे. मला कळायला हवंय."

मी विझलेली बिडी पुन्हा पेटवली आणि म्हणालो, "नकाशा छापला तरी मराठी माणूस उगाच दरीत उतरणार नाही. त्याला खाली काहीतरी हवं. आपण तिथे एक वीरगळ दाखवू या. जुनी, अर्धी गाडलेली. शोधत बसतील."

"नाही."

"अहो, कोण बघायला..."

"जे नाही ते मी काढत नाही," बाई म्हणाल्या. एवढा वेळ विनवणाऱ्या बाईचा आवाज एकदम खात्यातला झाला. "उद्या एखादा तहानलेला माणूस माझ्या कागदावर विसंबून उतरेल. एक खोटं घातलं की त्यानं पाण्याच्या खुणेवर तरी का विश्वास ठेवायचा? आणि तात्यांना हे काही सांगू नका. दया म्हणून छापलेली वाट कोणी चालत नाही."

---

तात्यांना मी दयेचं काही सांगितलं नाही. धंद्याचं सांगितलं.

"स्पर्धा?" तात्यांनी चष्मा वर केला.

"'कावळदरा स्वच्छ करू या.' जो वाचक दरीत उतरेल आणि तिथे माणसानं टाकलेली, हरवलेली, विसरलेली कुठलीही वस्तू आणून दाखवेल, कुठे मिळाली ते नकाशावर दाखवेल, त्याला वर्षभर अंक मोफत."

"कचऱ्यासाठी फुकट अंक? डोकं ठिकाणावर आहे का, गद्रे?"

"तात्या, तो फुकट अंक मिळवायला आधी जानेवारीचा अंक विकत घ्यावा लागेल. नकाशा त्यात आहे."

तात्यांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. "गद्रे," ते म्हणाले, "तुम्ही किराणा दुकान काढायला हवं होतं."

अंक महिनाअखेरीस संपला. पुण्याचा माणूस एव्हरेस्टला जाणार नाही, पण फुकट वर्गणीसाठी कावळदऱ्यातून सहकुटुंब जाईल, हा माझा अंदाज बरोबर ठरला. कचेरीत पोती साठू लागली. बाटल्या, चपला, फाटकी ताडपत्री, बॅटरीचं झाकण, गुराच्या गळ्यातली घंटा. एकानं तर चक्क घरचा मोडका स्टोव्ह आणला आणि दरीत सापडला म्हणून शपथ घेतली. दुसऱ्याचा पाय मुरगळला, त्यानं नोटिशीची धमकी दिली. त्याला तात्यांनी दोन वर्षांचे अंक लावून दिले.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी उरकून निमकरबाई येत, कोपऱ्यात जमिनीवर बसत आणि पोतं रितं करत. मी मुद्रितं वाचतोय असं दाखवी. चप्पल हातात आली की त्या उलटी करून तळवा बघत.

"आठ नंबर," त्या स्वतःशीच म्हणत आणि बाजूला ठेवत. "ते नऊ घालायचे."

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये कोणीतरी चष्म्याची काडी आणली. बाईंनी ती मुठीत धरली, पाणी प्यायल्या, मग उजेडात नेऊन बघितली. ती काडी सोनेरी होती. त्यांच्या नवऱ्याची, अच्युतरावांची, काळी. एप्रिलात माणसं कमी झाली. मे महिन्यात तात्यांनी फर्मान काढलं : पोती बास, स्पर्धा बंद, कचेरीत झुरळं झालीत.

"पाऊस पडला की कारवी पुन्हा वाढेल," बाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की पोत्याशी, कळेना. "पुढच्या वर्षी पुन्हा छापाल?"

"बघू," मी म्हणालो. आम्हा दोघांनाही त्या 'बघू'ची किंमत ठाऊक होती. समोर शेवटचं पोतं होतं. त्यांनी गाठ सोडली.

तेवढ्यात दातार आले.

बँकेतून निवृत्त झालेले दातार हे आमचे सर्वांत जुने वर्गणीदार. दर अंकाला त्यांची एक तक्रार येई. तक्रार आली नाही तर अंक पोचला नाही असं आम्ही समजत असू. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

"गद्रे, तुमचा तो कावळदरा म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. पाहण्यासारखं काडीचं नाही. मी आणि माझा मेहुणा उन्हात भाजून निघालो."

"मग गेलात कशाला?"

"वर्गणी संपत आलीय ना." त्यांनी पिशवीतून स्टीलचा जेवणाचा डबा काढला. लखलखीत. "हा बघा. एका घळीत दगडाच्या सांदीत होता, आत माती गच्च. हिनं चिंच लावून घासला. जुनं स्टील आहे, जड. हल्लीचं नव्हे. तर माझं म्हणणं असं, की वस्तू दाखवली, नियम पुरा झाला. तुम्ही वर्गणी सुरू करा. डबा मी घरी नेतो. नातवाला शाळेत होईल."

"डबा इथे जमा करावा लागेल, दातार."

"नियमात 'दाखवावी' असं आहे. अंक काढून वाचा!"

मी वैतागून डबा ओढला. झाकण बाजूला केलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं, तशी कडेची सैल कडी खणकन वाजली. आणि माझ्या मागची पोत्यातली खुडबूड थांबली.

"गद्रे," बाईंचा आवाज आला. त्या वळल्या नव्हत्या, जागच्या हलल्या नव्हत्या. "त्यांना विचारा, डाव्या कडीला तांब्याची तार होती का."

दातारांनी भुवया चढवल्या. "होती. कडी तुटकीच आहे, तारेनं बांधली होती कोणीतरी. हिनं काढून फेकली, हाताला लागते म्हणून. तुम्हाला कसं..."

मी डबा फिरवला. झाकणाच्या कडेला, भांडीवाले ठिपक्याठिपक्यांनी घालतात तसं नाव होतं. चिंचेनं घासल्यामुळे अगदी स्वच्छ वाचता येत होतं : 'चि. सौ. कां. यशोधरा हिस, बेबीमावशीकडून.'

मी ते मोठ्यानं वाचलं नाही. दातारांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या बाईंच्या पाठीकडे. बँकेतला माणूस, दोन आकडे जुळले की त्याला तिसरा सांगावा लागत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी तिसरा नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. या वेळी कागद नीट उलगडला.

"कुठे सापडला?"

दातारांचं बोट वाकड्या रेघेवरून हळूहळू सरकत गेलं. एका ओढ्यापाशी अडखळलं, मागे आलं, मग धारेच्या अगदी खाली थांबलं. "इथे. वरून... वरून मुरूम सुटलेला दिसत होता."

बाईंनी त्या जागी पेन्सिलीनं इतका बारीक ठिपका दिला, की दुसऱ्या कोणाला दिसला नसता.

"बाई," दातार म्हणाले, "डबा... डबा ठेवा तुम्ही. आणि गद्रे, ती वर्गणी राहू द्या. मी भरीन."

"नाही," निमकरबाई म्हणाल्या. "त्यांची वर्गणी सुरू करा, गद्रे. नियम आहे."

दातारांनी टोपी हातातच ठेवली आणि ते गेले. त्यानंतर त्यांची तक्रार कधी आली नाही.

पुढचं पोलिसांनी केलं. डब्यापासून हाकेच्या अंतरावर सगळं होतं. नऊ नंबरचा एक बूट होता, काळ्या काडीचा चष्मा होता. इंदूरचं बिऱ्हाड मोडलं. सासूबाई त्या दिवशी मुलासाठी पहिल्यांदा रडल्या आणि सुनेच्या गळ्यात पडून रडल्या, असं मला बाईंनीच नंतर सांगितलं. स्वतःबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

---

दिवाळीत सातही नकाशांचं पुस्तक काढायचं ठरलं. शेवटचा हात फिरवायला निमकरबाई आल्या. पर्समधून त्यांनी अर्धं ब्लेड काढलं, तिसरा नकाशा खिडकीच्या काचेवर उजेडात धरला आणि कावळदऱ्याचं वळण खरवडायला घेतलं.

"अहो, काय करताय?" मी उठलो. "राहू द्या ना ते."

"कशाला? तात्यांचं बरोबर होतं. तिथे बघण्यासारखं काही नाही. लोकांचा दिवस फुकट जातो."

शाईचा काळा भुगा खिडकीच्या कठड्यावर पडत राहिला. रेघ गेली तशी त्या नखाच्या पाठीनं ती जागा घोटू लागल्या; खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, म्हणून आधी तो घोटून गुळगुळीत करावा लागतो. बराच वेळ घोटत होत्या. मी समोर उभा होतो. माणूस समोर आला की त्याला नखशिखांत वाचून काढायची माझी खोड. पण त्या दिवशी मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो, कपाळाकडे नजर जाऊ दिली नाही.

त्यांनी पट्टी लावली, पेन शाईत बुडवलं, जास्तीची शाई दौतीच्या काठाला निपटली. आणि मोरखिंडीपासून धारेवरून, हात न उचलता, सरळ रेघ ओढली.

"वाळू द्या," त्या म्हणाल्या. "तोवर चहा मागवा. आज मी टेबलावरच पिईन."